कॅमेऱ्याच्या डोळ्यातलं मुसळ

तुमच्या खिशातल्या फोनचा पडदा ओएलईडी असेल, तर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तो एका अंधाऱ्या खोक्यात, कॅमेऱ्यासमोर, उजळवला गेला असण्याची दाट शक्यता आहे. आधी नुसता लाल, मग नुसता हिरवा, मग निळा. एकदा लख्ख, एकदा मंद. प्रत्येक वेळी एक फोटो. ते फोटो कुणी माणसाने पाहिले नाहीत. एका संगणकाने त्यातून पडद्यावरचा प्रत्येक ठिपका किती उजळतो हे मोजलं, कोणाला थोडी जास्त वीज द्यायची आणि कोणाला कमी याची एक भलीमोठी सारणी केली, आणि ती पडद्यासोबतच्या मेमरीत लिहून टाकली. तुम्ही आत्ता हा लेख फोनवर वाचत असाल, तर तो बहुधा त्या सारणीतून गाळूनच तुमच्यापर्यंत पोचतो आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर ओएलईडीचे लाखो ठिपके एकसारखे बनत नाहीत म्हणून. प्रत्येक ठिपक्यामागे त्याला वीज पुरवणारे इवलेसे ट्रान्झिस्टर असतात. सगळ्यांना एकच हुकूम दिला तरी एक थोडी जास्त वीज सोडतो, शेजारचा थोडी कमी. असा नवा पडदा करड्या रंगाने भरला तर त्यावर ढगांसारखे डाग आणि पट्टे दिसतात. जपानी भाषेत असमानपणाला 'मुरा' म्हणतात. तोच शब्द जगभरच्या पडद्यांच्या कारखान्यांत रुजला आहे, आणि हे डाग घालवण्याच्या प्रक्रियेला 'डी-मुरा' म्हणतात. (आपल्या लोणच्याच्या मुरण्याशी याचा काही संबंध नाही. उलट इथे मुरू द्यायचंच नसतं.)

आता खरी मेख. पडद्याचे ठिपके एकसारखे बनत नाहीत, मग कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल तरी एकसारखे कुठे बनतात? तेही सिलिकॉनवर, तशाच प्रकारच्या यंत्रांनी छापलेले असतात. पडद्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला बसलेल्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यात मुसळ असेल, तर ते मुसळ कॅमेऱ्यापुरतं राहत नाही. सारणीतून ते तुमच्या पडद्यात जातं आणि तिथेच मुक्काम करतं. इमेज सेन्सरचं मोजमाप हे माझं रोजचं काम आहे, आणि या क्षेत्राबाहेरच्या लोकांना मला सर्वात आधी हेच सांगावंसं वाटतं: तपासणीच्या कॅमेऱ्यात अर्धी लढाई वस्तूशी नसते, कॅमेऱ्याशीच असते.

अंगणातली भांडी

या कामासाठी आज वापरल्या जाणाऱ्या मोठ्या सेन्सरपैकी एकावर सुमारे १५ कोटी १० लाख पिक्सेल असतात, १४,१९२ आडवे आणि १०,६४० उभे. एकेक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत पंधरा-वीस बसतील असा. आणि अख्खा सेन्सर साधारण काडेपेटीएवढा.

पिक्सेलचं काम समजायला सोपं आहे. पावसात अंगणभर भांडी मांडून ठेवली आहेत असं समजा. पाऊस म्हणजे फोटॉन, भांड्यात जमणारं पाणी म्हणजे इलेक्ट्रॉन. ठरावीक वेळाने प्रत्येक भांड्यातलं पाणी मोजायचं, झाला फोटो. या आकाराच्या पिक्सेलमध्ये ५० हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन मावतात.

भांडी सारखी नसल्यामुळे दोन प्रकारची गडबड होते. काही भांड्यांच्या तळाशी पाऊस सुरू होण्याआधीच थोडं पाणी असतं. हा तराजूचा पासंग. आणि काही भांड्यांचं तोंड किंचित मोठं, काहींचं किंचित लहान असतं, त्यामुळे सारख्याच पावसात कमी-जास्त पाणी जमतं. युरोपातल्या यंत्रदृष्टी उद्योगाच्या संघटनेने ईएमव्हीए १२८८ नावाचं एक मानक केलं आहे. कॅमेरा विकणाऱ्याने हे दोन्ही फरक कसे मोजायचे आणि कसे जाहीर करायचे, ते त्यात सांगितलेलं असतं. तुम्हाला कधी कामासाठी असा कॅमेरा घ्यायची वेळ आली, तर माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावरचे मेगापिक्सेल सोडून आधी हे आकडे मागा. विक्रेता ते द्यायला कुरकुर करू लागला, तर तीही माहितीच.

या दोन्हीवर इलाज जुना आहे. झाकण लावून एक फोटो काढा, म्हणजे पासंग कळला. मग अगदी एकसारख्या उजेडाचा एक फोटो काढा, म्हणजे प्रत्येक भांड्याचं तोंड किती ते कळलं. यापुढच्या प्रत्येक फोटोतून पासंग वजा करायचा आणि तोंडाच्या मापाने भागायचं. याला 'फ्लॅट फील्ड' दुरुस्ती म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ हे कित्येक दशकं करत आले आहेत.

कागदावर दोन ओळींचं गणित. प्रत्यक्षात त्यातच दिवस जातात. एक तर पाऊस थेंबाथेंबाने पडतो. दोन भांडी तंतोतंत सारखी असली तरी एकात ५०,००० थेंब पडतील आणि दुसऱ्यात ५०,२००, निव्वळ योगायोगाने. हा चढउतार साधारण आकड्याच्या वर्गमुळाएवढा असतो: ५० हजारांचं वर्गमूळ सुमारे २२४, म्हणजे ०.४५ टक्के. पडद्यावरच्या शेजारशेजारच्या दोन भागांत टक्काभर फरक असला तरी तो आपल्या डोळ्याला जाणवू शकतो. तेव्हा मोजपट्टीच अर्ध्या टक्क्याने थरथरणारी असून चालत नाही. म्हणून एकसारख्या उजेडाचे शंभर फोटो काढून सरासरी घेतात. थरथर दहापट कमी होऊन ०.०४५ टक्क्यांवर येते.

पण हा 'अगदी एकसारखा उजेड' आणायचा कुठून? आतून पांढराशुभ्र लेप दिलेला एक पोकळ गोल वापरतात. त्यात उजेड सोडला की तो आतल्या आत इतक्या वेळा परततो की तोंडाशी जवळजवळ सपाट होऊन बाहेर येतो. जवळजवळ. तो खरोखर सपाट आहे का, हे दुसऱ्या मापकाने तपासावं लागतं, आणि त्या मापकाला तिसऱ्याने. या साखळीचं दुसरं टोक कुठल्या तरी देशाच्या राष्ट्रीय मापन संस्थेत जातं. गोलाच्या उजेडात एका बाजूला अर्धा टक्का उतार असेल, तर दुरुस्ती तो उतार इमानेइतबारे कॅमेऱ्यात उतरवते आणि मग कॅमेरा तोच उतार प्रत्येक पडद्यावर छापतो.

धुळीची गंमत तर वेगळीच. सेन्सरवरच्या काचेवर एक कण बसला, त्याची सावली पडली. फ्लॅट फील्डने ती सावली शिताफीने पुसून टाकली, सगळे खूश. आठ दिवसांनी तो कण हलला. आता नव्या जागी काळा डाग दिसतो आणि जुन्या जागी, जिथे सावली नसतानाही दुरुस्ती चालूच आहे तिथे, एक उजळ डाग. एका कणाचे दोन दोष. असा काळा-पांढरा जोडडाग दिसला की अनुभवी माणूस पडद्याकडे बघतही नाही, सरळ कॅमेरा उघडायला घेतो.

बिघडलेले, तापलेले आणि लहरी

इथपर्यंत सगळी भांडी धडकी होती, फक्त कमी-जास्त मापाची. काही भांडी मात्र खरोखरच बिघडलेली असतात. उत्पादकाने ९९.९९९ टक्के पिक्सेल चांगले दिले, तर ते कौतुकास्पदच म्हणायला हवं. तरीही १५ कोटींच्या सेन्सरवर १,५१० वाईट उरतात.

काही मेलेले असतात, उजेड पडो न पडो, आकडा हलत नाही. ते सापडायला सोपे. काही 'तापलेले': अंधारातही भराभर इलेक्ट्रॉन गोळा करणारे, जणू भांड्यावर गळका नळच आहे. सिलिकॉनमध्ये उष्णतेमुळे आपोआप इलेक्ट्रॉन सुटत असतात. या प्रवाहाला 'डार्क करंट' म्हणतात आणि साधारण दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला तो दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर २० अंशांऐवजी ६० अंशांवर गेला तर हा प्रवाह तीस ते शंभर पट वाढेल. कारखान्यात यंत्राच्या पोटात बसवलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर तापायला फार वेळ लागत नाही. म्हणून चांगल्या तपासणी कॅमेऱ्यात सेन्सरच्या पाठीला विजेवर चालणारी थंड करणारी चकती लावलेली असते. थंड करण्यापेक्षाही तापमान स्थिर ठेवणं महत्त्वाचं, कारण सकाळी २५ अंशांवर केलेला वाईट पिक्सेलचा नकाशा दुपारी ४० अंशांवर खोटा ठरतो.

तिसरी जात सर्वात त्रासदायक, लहरी पिक्सेल. हे काही सेकंद किंवा काही मिनिटं शहाण्यासारखे वागतात, मग एकदम वरच्या पातळीवर उडी मारतात, आणि पुन्हा खाली येतात. स्फटिकातला एखादा दोष दोन अवस्थांमध्ये येजा करत असतो, त्याचा हा परिणाम. तुम्ही नकाशा करायला एकच अंधारा फोटो काढलात आणि त्या क्षणी साहेब शहाणे होते, तर ते यादीत येतच नाहीत. मग रात्री तीन वाजता कुठल्या तरी पाळीत पडद्यावर दोष सापडतो, पडदा पुन्हा तपासला तर दोष नाही, आणि माणसं एकमेकांवर चिडतात. यांना पकडायचं तर तासन्‌तास फोटो घेऊन प्रत्येक पिक्सेलचा चढउतार बघावा लागतो. हा वेळ द्यायला कोणत्याही प्रकल्पात कुणी तयार नसतं, आणि पुढे याच्या कितीतरी पट वेळ भांडणात जातो.

बरं, एकदा नकाशा केला म्हणजे सुटलो, असंही नाही. वाईट पिक्सेल वाढत राहतात आणि त्याला बऱ्याच अंशी आकाश जबाबदार आहे.

अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात आणि त्यातून न्यूट्रॉनचा एक विरळ, सततचा पाऊस जमिनीपर्यंत पोचतो. एखादा वेगवान न्यूट्रॉन सिलिकॉनच्या अणूवर आदळून त्याला स्फटिकातल्या जागेवरून हुसकावतो. रिकाम्या झालेल्या त्या जागेपाशी इलेक्ट्रॉनला उष्णतेच्या जोरावर सुटायला एक सोपी पायरी तयार होते. झाला गळका नळ. इमेज सेन्सरच्या क्षेत्रात मोठं नाव असलेले आल्बर्ट थ्यूविसन यांनी २००५ पासून पुढच्या काही वर्षांत हे तपशिलात दाखवलं. कपाटात नुसते पडून असलेले, कधी वीजही न जोडलेले सेन्सरसुद्धा हळूहळू डागाळत जातात, आणि जास्त उंचीवर किंवा विमानप्रवासात डागाळण्याचा वेग वाढतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ग्लेन चॅपमन यांच्या गटाने कॅमेऱ्यांमधले असे दोष वर्षानुवर्षं मोजले. ते सेन्सरभर विखुरलेले, सुटेसुटे आणि कायमचे असतात, आणि पिक्सेल जितके लहान तितकं दोषांचं प्रमाण वाढतं, असं त्यांना आढळलं. मेगापिक्सेलच्या शर्यतीची ही एक न छापलेली किंमत आहे.

शिशाचं खोकं करून यातून सुटका नाही, न्यूट्रॉनला शिसं जुमानत नाही. हबल दुर्बिणीवर हाच प्रकार कितीतरी जोरात चालतो. तिथे एक झकास युक्ती करतात. एरवी उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास चालणारा सेन्सर दर महिन्याला खोलीच्या तापमानाच्या जवळपास तापवतात, आणि बरेच तापलेले पिक्सेल बरे होतात, कारण थंडीत गोठून बसलेले दोष उबेत हलून विरघळतात. आपल्या जमिनीवरच्या सेन्सरला हा औषधोपचार नाही. तो मुळात खोलीच्या तापमानालाच आयुष्य काढतो. जे दोष त्या उबेने जाण्यासारखे होते ते आधीच गेले, उरले ते चिवट.

शेजाऱ्याला विचारून

मग या वाईट पिक्सेलचं करायचं काय? साधा, सरधोपट मार्ग म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी घेऊन तिथे भरायची. तुमचा फोन प्रत्येक फोटोत हे करतो आणि त्यात काही गैर नाही. नाहीतरी रंगीत कॅमेऱ्याच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून ताडलेले असतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटपासून ही रीत आहे. गणपतीच्या आरतीच्या फोटोत एका पिक्सेलचा अंदाज चुकला, तर कुणाचं काय अडतं?

तपासणीत अडतं. कसं ते आकड्यांत बघू. एक ४के ओएलईडी लॅपटॉपचा पडदा घ्या. आडव्या ओळीत ३,८४० पिक्सेल. कॅमेऱ्याचे १४,१९२. भागाकार जेमतेम ३.७. पडदा हिरवा करून फोटो काढला, की कॅमेऱ्याला सपाट हिरवा रंग दिसत नाही. त्याला काळोखात सुटे सुटे हिरवे ठिपके दिसतात, दर ३.७ पिक्सेलला एक.

समजा, एका ठिपक्याचा उजेड कॅमेऱ्याच्या १३ पिक्सेलवर पसरला आहे. मधल्यावर ४,०००, त्याच्या वर-खाली आणि डावी-उजवीकडे २,४०० प्रत्येकी, आणि बाहेरच्या आठांवर ३०० प्रत्येकी. एकूण १६,०००. आता नेमका मधला पिक्सेल मेलेला निघाला आणि कॅमेऱ्याने शेजाऱ्यांची सरासरी भरली: २,४००. एकूण झाले १४,४००, म्हणजे १० टक्के कमी. डी-मुराच्या संगणकाला वाटलं, हा ठिपका मंद आहे. त्याने सारणीत लिहिलं, याला सुमारे ११ टक्के जास्त उजळव. ठिपका मुळात चांगला होता. आता तो जन्मभर शेजाऱ्यांपेक्षा जास्त उजळणार. आणि ज्या ज्या पडद्याचा जो ठिपका त्या मेलेल्या पिक्सेलसमोर येईल, त्या प्रत्येकाचं हेच होणार.

म्हणजे इथे शेजारी विश्वासाचा नाही, कारण तो वेगळ्याच गोष्टीकडे बघतो आहे. ठिपक्यांचं चित्र आवर्ती आहे, तेव्हा बाजूच्याला विचारण्यापेक्षा शेजारच्या ठिपक्यात त्याच जागी बसलेल्याला विचारावं. पण ३.७ पिक्सेलवर कुणी बसलेलं नाही, पिक्सेल पूर्णांकांवरच असतात. तीन ठिपके पुढे गेलं की ११.१, म्हणजे अकराव्या पिक्सेलवर जवळजवळ तीच जागा सापडते. तिथला आकडा उचलून भरला तर ४,००० च्या जवळ काहीतरी मिळतं. हे साध्या सरासरीपेक्षा कितीतरी बरं आहे आणि आवर्ती चित्रं तपासणाऱ्या यंत्रांत अशा पद्धती वापरल्या जातात.

तरीही मला ती पद्धत पूर्ण पटत नाही. तीन घरं पलीकडचा ठिपका नीट उजळतो आहे, म्हणून हाही उजळत असेल असं आपण गृहीत धरलं. पण हा ठिपका नीट आहे का, हेच तर शोधायला निघालो होतो! ज्याची साक्ष हवी तो बोलू शकत नाही म्हणून आपण शेजारच्या गल्लीतल्या माणसाला विचारलं आणि त्याचं बोलणं प्रत्यक्षदर्शीची जबानी म्हणून नोंदवलं.

माझं मत असं: मोजमापाच्या कॅमेऱ्यात वाईट पिक्सेल भरूच नये. त्याला 'माहीत नाही' अशी खूण करून पुढे पाठवावं. ठिपक्याचा उजेड १३ पिक्सेलवर पसरलेला आहे आणि तो कसा पसरतो, त्याचा आकार आपल्याला आधीपासून माहीत आहे. मग उरलेल्या १२ पिक्सेलवर तो आकार बसवून एकूण उजेड काढता येतो, आणि हे गणित कठीण नाही. वरच्या उदाहरणात मधला ४,००० अजिबात न बघताही उरलेले बारा १६,००० च्या जवळ नेऊन सोडतात. फक्त त्या आकड्याची खात्री थोडी कमी, आणि तेही लिहून ठेवता येतं. अडचण तंत्राची नाही, सवयीची आहे. बहुतेक कॅमेरे अशी खूण पाठवतच नाहीत. वाईट पिक्सेल भरण्याची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत मुळातच चालू असते, आणि पुढचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्या हातातले आकडे मोजलेले किती आणि रचलेले किती याचा पत्ता नसतो.

तीन-चार वाईट पिक्सेल एकमेकांना चिकटून असले तर मात्र उरलेल्यांवर भागत नाही. तिथे दुसरी युक्ती आहे. सेन्सर एका सूक्ष्म सरकत्या बैठकीवर बसवायचा, पहिला फोटो काढायचा, सेन्सर नेमका काही पिक्सेल सरकवायचा आणि दुसरा काढायचा. आधी आंधळ्या पिक्सेलसमोर असलेली जागा आता डोळस पिक्सेलसमोर येते. अंदाज नाही, खरं मोजमाप. दुर्बिणीवाले दोन फोटोंच्या मध्ये दुर्बीण जराशी हलवतात, तेही थोड्याफार याच कारणासाठी. अडचण वेळेची. कारखान्यात एका पडद्यामागे ठरलेले सेकंद असतात, त्यात दुप्पट फोटो बसवायचे म्हणजे एक तर दुसरं यंत्र घ्या नाहीतर पट्टा हळू चालवा, आणि हे पैसे मागायला कुणीतरी बैठकीत उभं राहावं लागतं.

सगळ्याच तपासण्या इतक्या नाजूक नसतात, हेही सांगायला हवं. कागद किंवा पोलादाचा पत्रा तपासायला पिक्सेलची एकच ओळ असलेला कॅमेरा लावतात आणि माल त्याखालून सरकतो. तिथे एक वाईट पिक्सेल म्हणजे मालाच्या अख्ख्या लांबीभर एक रेघ, ती कुणाच्याही डोळ्यात भरते आणि लगेच पकडली जाते. धोका मोठ्याने ओरडणाऱ्या दोषात नसतो. गुपचूप, पटण्याजोगा आकडा देणाऱ्या दोषात असतो.

जो दोष कॅमेऱ्याने 'शिकून' पुसला

या सगळ्यातला मला सर्वात भीतिदायक वाटणारा प्रकार सांगते. तो मी एका कारखान्यात जवळून पाहिला आहे. नाव महत्त्वाचं नाही.

वाईट पिक्सेलचा नकाशा दर काही दिवसांनी नव्याने करायचा, तर यंत्र थांबवावं लागतं. ते टाळायला तिथे एक चलाख सोय केली होती. रोजच्या तपासणीचेच हजारो फोटो बघून प्रोग्राम स्वतः शिकणार. तर्क असा, की पडदे बदलत राहतात, कॅमेरा तोच राहतो. मग एखादा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसत असेल, तर तो कॅमेऱ्याचाच असणार. ऐकायला बिनतोड वाटतं ना?

पण पडदे छापायला काचेचे साचे असतात, फोटोमास्क. त्यावर एक कण बसला किंवा चरा पडला, तर तो त्या साच्यातून छापलेल्या प्रत्येक पडद्यावर त्याच जागी उमटतो. आणि तपासणी यंत्र प्रत्येक पडदा काही मायक्रॉनच्या अचूकतेने त्याच जागी आणून ठेवतं, त्यासाठीच ते महाग असतं. परिणाम? पडद्याचा खराखुरा दोष प्रत्येक फोटोत त्याच पिक्सेलवर. प्रोग्रामने त्याला कॅमेऱ्याचा दोष ठरवलं आणि शेजाऱ्यांवरून भरून टाकलं. सर्वात घातक दोष, जो शेकडो पडद्यांवर एकसारखा येतो, तोच सर्वात खात्रीने पुसला गेला. एकदा कधीतरी आलेला कण मात्र नीट पकडला जात होता, त्यामुळे यंत्र छान चाललं आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

उकललं ते एका साध्या चाचणीने. पडदा दोन मिलिमीटर बाजूला सरकवून पुन्हा फोटो काढला. कॅमेऱ्याचा दोष असता तर चित्रात तो होता तिथेच राहिला असता. तसं झालं नाही. सरकलेल्या जागी, जिथे नकाशात काहीच नोंद नव्हती तिथे, काळा ठिपका हजर झाला. दोष पडद्याबरोबर चालत गेला होता. पुढे तिथे स्वतः शिकणारा नकाशा बंद केला आणि झाकण लावून नकाशा करायला रोज दहा मिनिटं राखून ठेवली. हल्ली याच जागी न्यूरल नेटवर्क बसवायची टूम आहे, आणि ती शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा कितीतरी देखणं चित्र भरते. वरचा प्रश्न मात्र तिलाही लागू आहे: तिने भरलेल्या जागी खूण आहे का?

घरी बघायचं असेल तर

तुमच्याकडे अदलाबदलीच्या लेन्सचा कॅमेरा असेल तर यातलं बरंच काही स्वतः बघता येईल. लेन्स काढून झाकण लावा. फोटो रॉ स्वरूपात, आयएसओ १६००, तीस सेकंद. मेनूमध्ये 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' असेल ते आठवणीने बंद करा, नाहीतर कॅमेरा स्वतःच एक अंधारा फोटो काढून वजा करेल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. असे तीन-चार फोटो लागोपाठ काढा, संगणकावर उजेड भरपूर वाढवा आणि पूर्ण मोठं करून बघा. काळ्या आकाशात तारे दिसावेत तसे ठिपके दिसतील. सगळ्या फोटोंत त्याच जागी असलेले तापलेले पिक्सेल. काहींत असलेले आणि काहींत नसलेले बहुधा लहरी. एखादी बारीक रेघ एकाच फोटोत दिसली, तर तो बहुतेक त्या तीस सेकंदांत सेन्सरमधून आरपार गेलेला किरण.

खोलीचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर पुढची तुलना फुकट. मग पुढच्या वर्षी याच तापमानाला पुन्हा काढा. आपण मंडळी कॅमेरा गळ्यात अडकवून दोन वर्षांनी एकदा तरी मुंबईला जाऊन येतो. विमानाच्या उंचीवर न्यूट्रॉनचा पाऊस समुद्रसपाटीच्या काही शे पट असतो, आणि जाऊन-येऊन तीसेक तास आपण त्यात बसलेले असतो. एका वारीने मोजकेच ठिपके वाढले तर वाढतील, पण पाच-सात वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की फरक दिसू लागतो. फोनवर हा प्रयोग करायला जाऊ नका. फोनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत रॉ म्हणून मिळणाऱ्या फाइलमधूनही वाईट पिक्सेल आधीच भरलेले असतात.